पणतीची पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

मी जुन्या वळणाचा मतदार आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बटण फिरवायचं असेल त्यांनी आत्ताच फिरवावं. आमच्या आजोबांनी जनसंघाला मत दिलं. वडिलांनी आधी जनसंघाला, मग जनता पक्षाला, मग भाजपला दिलं. मीही बहुतेक वेळा त्याच वाटेनं गेलो. बहुतेक वेळा म्हणालो, नेहमी नाही. पण मी प्रचाराला आलेलो नाही. आमच्या घरातली मतं कुठून आली, तेवढंच सांगायचं आहे.

लोकांकडे त्याचं उत्तर तयार असतं. कूळ कायद्यात जमीन गेली, म्हणून ही मंडळी काँग्रेसवर रागावली आणि जनसंघाच्या चिन्हाकडे, पणतीकडे गेली. कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी घरांबद्दल असं बोलतात, आणि ते खोटं नाही. पण ते अर्धंच खरं आहे. पुन्हा सांगतो, अर्धंच. उरलेलं अर्धं आमच्या आजोबांना खाडीच्या काठावर कळलं.

कूळ कायदा तुम्हाला नव्यानं सांगायला नको. कोकणात सातबारा न वाचता मोठं झालेलं पोर मी पाहिलेलं नाही. फक्त एक तारीख ध्यानात ठेवा, 1 एप्रिल 1957. कसणाऱ्या कुळाला कायद्यानं जमिनीचा मालक धरलं, तो हा दिवस. विधवा, अल्पवयीन वारस आणि सैन्यातले मालक यांच्यासाठी काही सवलती होत्या, पण आमचे आजोबा यांपैकी कुणीच नव्हते. धडधाकट होते, घरात बसून कुळाकडून खंडाचं भात घेत होते, आणि झोपाळ्यावर बसून सरकारला नावं ठेवत होते.

आता झोपाळ्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. नवीन बंगल्यांतून झोपाळा काढून सोफा ठेवायची जी पद्धत आली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. सोफ्यावर माणूस आडवा होतो आणि बोलणं थांबतं. आमच्या घरातलं सगळं राजकारण झोपाळ्यावर झालं. असो.

तर 1957 ची लोकसभेची निवडणूक. 1 एप्रिलच्या थोडी आधीची. तेव्हा मत कसं द्यायचे, हे तरुण श्रोत्यांना सांगायला हवं. शिक्का नव्हता, बटण नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. चिठ्ठी घ्यायची, पडद्यामागे जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. पहिल्या दोन निवडणुका अशाच झाल्या. काँग्रेसच्या पेटीवर बैलजोडी, जनसंघाच्या पेटीवर पणती.

रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर उभे होते. नाव गुजराती वळणाचं, आणि दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे! पण संयुक्त महाराष्ट्र समितीत जनसंघ होता, प्रजासमाजवादी होते, शेकाप होता, कम्युनिस्टही होते. ही मोट कशी बांधली गेली, त्याचं मला अजूनही नवल वाटतं.

आमचं मतदान केंद्र खाडीपलीकडच्या शाळेत होतं. पूल नव्हता. तरीतून, म्हणजे होडीतून जायचं. आजोबा, आजी आणि आमचे कूळ असे तिघं एकाच तरीत बसले. कुळाला आमच्या घरात सगळे भाऊ म्हणत. भाऊ आणि आजोबा साधारण एका वयाचे. आजोबा त्यांना अरेतुरे करायचे आणि ते आजोबांना 'अण्णा, तुमी' म्हणायचे. तेव्हा हे कुणाला खटकत नसे. म्हणजे आम्हाला खटकत नसे. भाऊंना काय वाटत होतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

जाताना दोघं पावसावर बोलले, मोहोरावर बोलले, कुणाच्या तरी म्हशीवर बोलले. 1 एप्रिलवर कुणी अक्षर काढलं नाही. जी जमीन थोड्याच दिवसांत एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जायची होती, तिच्या कडेनंच होडी चालली होती.

मतं देऊन झाली. परत आले तोवर ओहोटी लागलेली. होडी चिखलात बसली, तांडेल म्हणाला, भरती येईपर्यंत बसा. मग काय करतात? आजोबांनी पानाचा डबा काढला. भाऊंनी चुना मागितला. पान लावता लावता आजोबांना राहवेना. त्यांनी विचारलं, 'काय रे, बैलजोडीलाच टाकलंस ना?'

भाऊ म्हणाले, 'तुमी कुठं टाकलात, अण्णा?'

आजोबा म्हणाले, 'मत गुप्त असतं.'

'मग माजं पन गुप्त.'

यावर बराच वेळ दोघंही गप्प. पान चघळून झालं. दुसरं लागलं. शेवटी भाऊच म्हणाले, 'पनतीच्या पेटीत टाकलं.'

आजोबांना खरंच वाटेना. ते म्हणाले, 'अरे, काँग्रेसनं कायदा केला. माझी जमीन तुला मिळणार आहे. तू बैलजोडी सोडून पणतीला कसं दिलंस?'

त्यावर भाऊ जे म्हणाले, ते आमच्या घरात पाठ आहे. आजोबांच्या तोंडून मी ते इतकं ऐकलं आहे की त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. भाऊ म्हणाले, 'जमीन मी कसतोय तवापासनं माजीच हाय, अण्णा. सरकारनं कागूद दिलान. पन पोरगे मुंबयला गिरनीत हायत. मुंबय गेली तर ते काय खातील, तुमचं भात?'

श्रोतेहो, हे वाक्य जरा ऐका. पोरगे मुंबईला गिरणीत आहेत. कोकणातल्या घराघरांत तेव्हा हीच स्थिती होती. शेतीत चार महिन्यांचं भात पिकायचं, उरलेले आठ महिने मनीऑर्डरवर निघायचे. आजोबा भाऊंना जमिनीवरून तोलत होते आणि भाऊ मात्र गिरणगावाचा विचार करत होते. मुंबईतल्या गोळीबारांत माणसं पडली होती, 105 हुतात्म्यांचा आकडा गावोगाव पोचला होता. भाऊंचा धाकटा तेव्हा मुंबईतच होता, आणि त्याचं खुशालीचं पत्र येईपर्यंत भाऊंच्या घरात चूल धड पेटली नव्हती. हे आजोबांना त्या दिवशी, त्या चिखलात बसल्यावर समजलं. शेजारी राहून समजलं नव्हतं.

मग भाऊंनी विचारलं, 'आता तुमी सांगा.'

आजोबा म्हणाले, 'मीही पणतीलाच.'

आणि दोघं हसायला लागले. कारण बघा, ज्यांनी जमीन दिली त्यांना भाऊंनी मत दिलं नाही. आणि जमीन जाते म्हणून रागावलेल्या आजोबांनी ज्या समितीच्या माणसाला मत दिलं, तिच्यात कसेल त्याची जमीन म्हणणारे लाल बावटेवालेही होते! दोघांची चिठ्ठी एकाच पेटीत पडली आणि दोघांची कारणं एकमेकांच्या उलटी.

आजी हे सगळं पदर सावरून ऐकत होती. आजोबांनी तिला विचारलं, 'तू गं?' ती म्हणाली, 'तुम्ही दोघांनी सांगितलंत, म्हणजे तुमचं गुप्त संपलं. माझं नाही संपलं.' तिनं ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. वडिलांचा अंदाज होता की तिनं बैलजोडीला दिलं. माझाही तोच आहे.

आशर निवडून आले. त्या लोकसभेत जनसंघाचे देशभरातून चार खासदार होते. बलरामपूरहून अटलबिहारी वाजपेयी, धुळ्याहून उत्तमराव पाटील, रत्नागिरीहून आशर, आणि हरदोईचे एक. चारातले दोन आपल्या मराठी मुलखातले, हे आजोबा पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.

(आता त्या खाडीवर पूल आहे. पाच मिनिटांत पलीकडे जाता येतं, आणि सगळे आपापल्या गाडीत काचा वर करून जातात. पूल नको असं मी म्हणत नाही. पण ओहोटीमुळे शेजाऱ्याबरोबर बसून राहावं लागणं बंद झालं, हेही पुलाच्या खात्यात मांडायला हवं.)

पुढे कूळ कायद्याच्या कलम 32-ग खाली जमिनीची किंमत ठरवायची चौकशी झाली. किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या पटीत ठरते, 20 पट ते 200 पट. आमची वरच्या टोकाला गेली नाही. भाऊंनी हप्ते भरले, त्यांना 32-म चं खरेदीचं सर्टिफिकेट मिळालं आणि विषय मिटला. सुरुवातीला भाऊ आमच्याकडे नव्या भाताचा पसा आणून द्यायचे. मग ते थांबलं. आजोबांना लागलं. वडील मात्र म्हणायचे, थांबायलाच हवं होतं, आपण त्यांचे कोण?

माझं जुनं वळण मला इथून मिळालं. जमीन गेली म्हणून आमच्या घरानं कोर्टकचेऱ्या केल्या नाहीत. कायदा झाला, तो पाळला. राग पेटीत टाकला. नियम ठरला तर तो आपल्या विरुद्ध गेला तरी पाळायचा, आणि नियम ठरवणाऱ्याला पाच वर्षांनी जाब विचारायचा. माझ्या लेखी जुनं वळण म्हणजे एवढंच, सोवळंओवळं नव्हे. नियम आणि जाब, दोन्ही हवेत.

म्हणूनच 1975 च्या आणीबाणीनं वडील हादरले, कारण जाब विचारायची सोयच काढून घेतली होती. 14 नोव्हेंबरपासून लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात ते गेले आणि येरवड्याला पोचले. आयुष्यात कधी आवाज चढवून न बोललेले मास्तर. येरवड्यात सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते, समाजवादी होते, जमाते इस्लामीचेही लोक होते. समाजवाद्यांकडून वडील तिथे चक्क सूतकताई शिकून आले! आजोबा म्हणाले, 'मी चिखलात बसलो होतो, तू तुरुंगात बसलास. सोबत दोघांनाही चमत्कारिकच.' 1977 ला जनता पक्षाच्या चिन्हाला, नांगरधारी शेतकऱ्याला आमच्या घरातली सगळी मतं गेली. आजीचं सोडून, कारण ते कळायला मार्ग नव्हता.

माझ्या पिढीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गोडी कमी आहे. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, त्या 1989 साली मी पहिलं मत दिलं. तेव्हापासून पक्षांनी जेवढी घरं बदलली तेवढी आमच्या गल्लीतल्या भाडेकरूंनी बदलली नाहीत. 1985 चा पक्षांतरबंदीचा कायदा आहे, पण एकेकट्यानं उडी मारण्याऐवजी घाऊक उडी मारायची युक्ती निघाली. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात तर चिन्हांचे निकाल आयोगाकडून आणि न्यायालयांतून ऐकायची वेळ आली. आमच्या आजोबांना पेटीवरचं चिन्ह पाहून माणूस ओळखता येत होता. मला उमेदवाराचं आजचं चिन्ह पाठ होईपर्यंत त्याचं उद्याचं ठरलेलं असतं. ज्या पक्षाला मी आपला म्हणतो, तोही यात मागे नाही. म्हणून मघाशी बहुतेक वेळा म्हणालो.

आणि बोटावरच्या शाईचे फोटो टाकून उरलेला दिवस रिसॉर्टवर घालवणाऱ्यांबद्दलही मला बोलायचं होतं, पण वेळ संपत आली.

एक घरातलीच गोष्ट राहिली. वडील गेले, तरी मतदार यादीत त्यांचं नाव तसंच होतं. नाव काढायला नमुना 7 भरावा लागतो. मी तो भरायला बसलो, तर आई म्हणाली, 'राहू दे रे, तेवढंच आपलं एक हक्काचं मत.' मी म्हटलं, 'आई, ते कुणीतरी दुसराच देऊन जाईल.' ती म्हणाली, 'मग लवकर भर.' भरून दिला आहे. तुमच्याही यादीत असं एखादं नाव असेल तर पाहून घ्या. नमुना 7. नाव काढायला सात, नवीन नावासाठी सहा.

नमस्कार.