मशीनवरचा बैल हातचा की नाही?

तान्हा पोळा जवळ आलाय. नागपुरात दुकानांत, फुटपाथवर सगळीकडे लाकडी बैल मांडलेत, चाकांवरचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं हेच ओढत घरोघर फिरणार, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेणार. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात.

आणि गिऱ्हाईकाचा प्रश्न ठरलेला, "हातचा आहे ना?"

आपण ज्या काकांकडे आलोय ते बँडसॉवर, म्हणजे पट्टीसारखी करवत फिरवणाऱ्या मशीनवर, बैल कापतात, ग्राइंडरनी अंग गोल करतात. ते बघून एक ताई हातातला बैल ठेवून निघाल्या, तर काका मागून म्हणतात, "मंग मशीन काय मी पायानं चालवतो का?"

बरं, फळी लकडगंजातून आरा मशीनवर चिरून येते, त्याबद्दल कोणी विचारत नाही. पूर्वी दोन माणसं वरून-खालून करवत ओढून ओंडका चिरायची, ते गेलं, कोणाला वाईट वाटलं नाही. मग बँडसॉवरच राग काहून?

शिंगं बघा. लाकडाच्या रेषा शिंगाच्या लांबीत यायला पाहिजेत, आडव्या गेल्या की पोरानं एकदा आपटलं अन् शिंग मोडलंच. म्हणून काका बैलाच्या आकाराचा फर्मा ठेवायच्या आधी फळी उलटीपालटी करून बघत बसतात, गाठ चुकवतात, मग पेन्सिल फिरवतात, अन् त्या रेघेवर फळी ढकलणारा हात जरा घसरला की बैलाची मान गेली (बोटही जाऊ शकतं, ते वेगळं). सीएनसीत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनमध्ये, तसं नाही, फाइल टाकली, लाकूड आवळलं, बटन दाबलं, पहिला बैल अन् पन्नासावा सेम टू सेम. स्वस्त पडतो, वाईट नाही. पण हातचा मी त्याला म्हणणार नाही, काकांच्याला म्हणणार.

जीएसटीसाठी २०१८ मध्ये हस्तकलेची व्याख्या केली, त्यातही मशीन चालते, फक्त वस्तू प्रामुख्यानं हातानं बनलेली पाहिजे, वर नक्षीबिक्षी. आता प्रामुख्यानं म्हणजे किती? वेळ मोजला तर काका जिंकले, कापायला दहा मिनिटं अन् नुसत्या तोंडाला अर्धा तास, पटाशी, कानस, परत पटाशी.

हा बघा, डावा डोळा जरा वर गेला. काका बैल लांब धरून बघतात.

"राहू दे. हा बदमाश दिसते."