पन्नास ह्रिव्नियांच्या नोटेवरचा इतिहासकार

मंडळी, नमस्कार.

पुढच्या रांगेपासून एक नोट फिरवतोय, जपून हाताळा. युक्रेनची पन्नास ह्रिव्नियांची नोट. पुढच्या बाजूला दाढीवाले गृहस्थ दिसतायत, ते मिखाइलो ह्रुशेव्स्की. उलटी करून बघा, एक इमारत आहे. १९१७ साली युक्रेनची मध्यवर्ती रादा, म्हणजे त्यांची लोकसभाच म्हणा, तिथे भरायची आणि ह्रुशेव्स्की तिचे अध्यक्ष होते. कीवमध्ये या इमारतीजवळच्याच चौकात त्यांचा पुतळा आहे, बसलेला. १० ऑक्टोबर २०२२ ला, सोमवारी सकाळी, रशियाचं एक क्षेपणास्त्र त्या पुतळ्याशेजारी भर रस्त्यात येऊन पडलं. गाड्या पेटल्या, माणसं गेली. इमारतीच्या काचा फुटल्या. पुतळा मात्र जागचा हलला नाही.

हे युद्ध मला कळायला लागलं ते या माणसामुळे. नाटो, गॅस, पूर्व युक्रेनमधला डॉनबास हे सगळं आपण ऐकतोच. पण जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी एक लांबलचक लेख लिहिला, रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असं सांगणारा. हल्ल्याआधी सात महिने! एखाद्या राष्ट्राध्यक्षाला युद्धाआधी इतिहासावर लेख का लिहावासा वाटतो?

कारण त्या दाव्याला ह्रुशेव्स्कींनी उत्तर आधीच देऊन ठेवलेलं होतं, १९०४ साली. रशियन इतिहासकारांची ठरलेली मांडणी अशी की प्राचीन कीवचं राज्य, मग व्लादिमिर शहर, मग मॉस्को, अशी ती सरळ वंशावळ. ह्रुशेव्स्की म्हणाले, ही राजघराण्यांची वंशावळ झाली, लोकांची नव्हे. कीवचा वारसा पश्चिमेकडच्या गालिसिया-व्होल्हिनिया राज्याकडे गेला, पुढे लिथुआनिया-पोलंडच्या काळात चालू राहिला. राज्य गेलं म्हणून लोकांचा इतिहास थांबत नाही.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. त्यांच्या युक्रेन-रुसच्या (रुस म्हणजे ते प्राचीन कीवचं राज्य) इतिहासाचा पहिला खंड १८९८ चा. त्याच साली आपल्याकडे राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. राज्य गेलेल्या दोन समाजांतली दोन माणसं एकाच वेळी जुन्या कागदांत बसली होती. ह्रुशेव्स्कींना तर त्यासाठी ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्विवला जावं लागलं, कारण रशियाने १८७६ मध्ये युक्रेनी छपाईवर बंदी घातली होती. ते खंड इथे कॅनडात, आपल्या एडमंटनच्या विद्यापीठात इंग्रजीत आणले गेले, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. या माणसाला आधी वेगळं राष्ट्र नकोच होतं. जून १९१७ च्या जाहीरनाम्यात रादाने मागितली ती रशियात राहून स्वायत्तता. मग बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्टांच्या, फौजा चालून आल्या, जानेवारी १९१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं, आणि काही दिवसांतच तोफांनी ह्रुशेव्स्कींचं कीवमधलं घर पेटवलं. ग्रंथसंग्रह, हस्तलिखितं, जमवलेल्या वस्तू, सगळं जळालं. त्यांची म्हातारी आई त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. त्या आगीत आपली मॉस्कोकडे पाहण्याची सवयही जळाली, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं.

२०२२ मध्ये रशियाच्या सीमेजवळच्या खारकिव्ह शहरातल्या लोकांचं हेच झालं. घरात रशियन बोलणारी, नातेवाईक सीमेपलीकडे असलेली माणसं. त्यांच्यावर बॉम्ब पडले आणि जे पुस्तकांनी पटलं नव्हतं ते पटलं. रशियाची फौज आली की लोक फुलं घेऊन पुढे येतील, हा मॉस्कोचा हिशेब इथेच चुकला.

ह्रुशेव्स्कींची एक गोष्ट मला अपुरी वाटते, तीही सांगतो. लोक म्हणजे एकच वंश, एकच भाषा असं धरलं तर खारकिव्हचा रशियन बोलणारा सैनिक कुठे बसवायचा? क्रिमियाचे तातार, ओडेसाचे ज्यू कुठे? त्यांच्या मांडणीतला धागा इथे तुटतो. पण राज्य चालवायची वेळ आली तेव्हा त्यांच्याच रादाने १९१७ साली शंभर कार्बोव्हानेत्सची नोट काढली, तिच्यावर मजकूर चार भाषांत होता: युक्रेनी, रशियन, पोलिश आणि यिदिश, म्हणजे तिथल्या ज्यूंची भाषा.

ती नोट माझ्याकडे नाही, तिचा फोटो मात्र आणलाय. मध्यंतरात चहाच्या टेबलावर ठेवतो.