मनोऱ्याभोवतीचा बगीचा : बेंगळुरूचं फ्रीडम पार्क

[ड्रोन, सरळ वरून]

जमिनीवरून चालताना जे लवकर लक्षात येत नाही, ते वरून एका नजरेत दिसतं. मधोमध टेहळणीचा मनोरा आणि त्याच्या रोखाने आलेल्या लांबट बराकी. दोन बराकींमध्ये हिरवळ. भोवती भिंत, भिंतीपलीकडे शेषाद्री रोडची रहदारी. मॅजेस्टिक, म्हणजे शहराचं मुख्य बसस्थानक, इथून पायी गाठता येतं.

जागा एकवीस एकरांच्या आसपास. आज नाव फ्रीडम पार्क. २०००च्या सुमारापर्यंत हे बेंगळुरूचं मध्यवर्ती कारागृह होतं.

तुरुंग बांधला गेला १८६६च्या सुमारास. म्हैसूर संस्थान तेव्हा वाडियारांच्या नावाचं, पण कारभार इंग्रज कमिशनरचा. राज्य घराण्याकडे परत गेलं १८८१ साली. आपला येरवड्याचा तुरुंग याच्या मागोमाग, १८७१चा. अंदमानचं सेल्युलर जेल तर पुरं झालं १९०६मध्ये. अंदमानचे फोटो ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आराखडा ओळखीचा वाटेल. मध्ये मनोरा, बाजूंना पसरलेल्या इमारती.

[मनोरा. कॅमेरा खालून वर.]

या मनोऱ्यापाशी थोडं थांबू. उद्यानात शिरलेला माणूस हमखास इथेच येतो, आणि आमचंही सगळ्यात जास्त चित्रीकरण इथलंच आहे.

मध्ये मनोरा ठेवून पहारा करायची ही कल्पना इंग्लंडच्या जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाच्या नावावर आहे. मूळ सुचली त्याच्या भावाला. सॅम्युएल बेंथम रशियात एका जहागिरीवर कारखान्याचं काम पाहत होता. थोड्या मुकादमांनी पुष्कळ कामगारांवर नजर कशी ठेवायची, हा त्याचा प्रश्न. उत्तर असं की देखरेख करणारा मध्ये बसवा आणि बाकीचे सगळे त्याच्या भोवती. १७८६-८७मध्ये जेरेमी भावाकडे राहायला गेला होता. त्याने हीच युक्ती तुरुंगाला लावली आणि तिचं नाव ठेवलं पॅनॉप्टिकॉन. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला कैदी दिसतो, कैद्याला पहारेकरी दिसत नाही. आत्ता आपल्यावर नजर आहे की नाही, हे कैद्याला कळतच नाही, त्यामुळे नजर नसली तरी तो शिस्तीत राहतो. पहाऱ्यावरचा खर्च वाचतो तो वेगळाच. बेंथमने पुढची कित्येक वर्षं इंग्लंडच्या सरकारकडे खेटे घातले, पदरचे पैसेही घातले. त्याच्या मनासारखा तुरुंग तिथे काही उभा राहिला नाही.

काटेकोर बोलायचं तर बेंगळुरूचा तुरुंग बेंथमच्या कागदावरचा नाही. त्याच्या नकाशात कोठड्यांचं कडं मनोऱ्याभोवती फिरतं. इथे बराकी मनोऱ्यापासून बाहेरच्या दिशेने जातात, म्हणजे पहारेकऱ्याला बराकींमधल्या मोकळ्या जागा दिसणार. तत्त्व मात्र तेच. बांधकाम स्वस्त, माणसं कमी, धाक पुरेपूर.

[बराकीच्या आत]

कैदी गेले शहराबाहेर, परप्पन अग्रहारच्या नव्या कारागृहात. मागे राहिली ही जमीन. मॅजेस्टिकच्या शेजारी एकवीस एकर! अशा जमिनीचं आपल्या शहरांत काय होतं, ते कुणाला सांगायला नको. गिरण्यांचं काय झालं ते मुंबईकरांनी डोळ्यांदेखत पाहिलंय. इथे टॉवर झाले नाहीत. आराखड्यासाठी स्पर्धा घेतली गेली आणि काम मिळालं बेंगळुरूच्याच मॅथ्यू अँड घोष या वास्तुविशारदांना. त्यांनी तुरुंग पुसला नाही. मनोरा ठेवला, बराकी ठेवल्या, आणि त्यांच्याच रेषा धरून बगीचा मांडला. गुलाबाचे वाफे आणि कारंजी आधी आखून भिंती मग त्यात कोंबल्या, असं कुठे वाटत नाही. पायवाटेवरून चालता चालता माणूस आपसूक मनोऱ्याकडेच येतो, कारण जागाच मुळात तशी बांधलेली आहे. नोव्हेंबर २००८मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

कोठड्यांमध्ये कैद्यांचे हे पांढरे पुतळे बसवलेत. खरं तर ते नसते तरी चाललं असतं. पण शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतात. हा मुलगा बघा, आधी लांबून वाकून पाहतो, मग हळूच पुतळ्याच्या गुडघ्याला हात लावतो आणि बाई ओरडायच्या आत बाहेर पळतो.

[रिकामी बराक. गजांची खिडकी. शॉट लांबवावा.]

२६ जून १९७५. आणीबाणी आदल्या रात्री जाहीर झाली होती. संसदेच्या एका समितीच्या कामासाठी काही खासदार बेंगळुरूत आले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते. चौघांनाही अटक झाली आणि याच तुरुंगात आणलं गेलं. वाजपेयींना आजारपणामुळे पुढे दिल्लीला हलवलं. अडवाणी आणि दंडवते यांचा मधला काही काळ रोहतकच्या तुरुंगात गेला, मग पुन्हा इथेच.

जनसंघाचे आणि समाजवादी एकाच आवारात. बाहेर दोघांचं कधी पटलं नसतं, आत मात्र गप्पांना वेळच वेळ होता. १९७७च्या जनता सरकारात यांतले तिघे मंत्री झाले. दंडवत्यांकडे रेल्वे आली, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्याच काळात.

प्रमिलाताई दंडवतेही तुरुंगात होत्या, येरवड्याला. नवरा बेंगळुरूत, बायको पुण्यात, आणि पत्रं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या हाताखालून. ती पत्रं मराठी समाजवादी घरांमधून आजही निघतात बोलण्यात.

याच तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या. १९७०च्या ‘संस्कार’ या गाजलेल्या कन्नड चित्रपटाच्या नायिका, रंगभूमीवरच्या कार्यकर्त्या, लोहियांच्या विचारांच्या. मे १९७६मध्ये अटक झाली ती बडोदा डायनामाइट प्रकरणात, म्हणजे जॉर्ज फर्नांडिस आणि इतरांवर स्फोटांच्या कटाचा आरोप होता त्या खटल्यात. अंतिम आरोपपत्रात त्यांचं नावही नव्हतं. त्यांना दम्याचा विकार होता. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून ओरडणं ऐकू यायचं, असं दंडवत्यांनी लिहून ठेवलं आहे. १५ जानेवारी १९७७ला पॅरोलवर सोडलं. २० जानेवारीला त्या गेल्या.

[इथे निवेदन नको. फक्त बराक.]

[सकाळ. उद्यान.]

आता सकाळी इथे फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी असते. जवळच्या महाविद्यालयांतली मुलं झाडाखाली पुस्तकं घेऊन बसतात, निदान पुस्तकं जवळ असतात. जोडपी आहेत, डबा खाणारे कारकून आहेत. खेळायची जागा आहे, छोटं खुलं रंगमंच आहे.

[निदर्शनांची जागा. झेंडे, माईक, सतरंज्या.]

आणि आवाराच्या या बाजूला निदर्शनांसाठी राखलेली जागा. हीदेखील उद्यानाच्या आराखड्यातलीच. तुरुंगाच्या जमिनीवर सरकारविरुद्ध बोलायला हक्काची जागा द्यायची, ही कल्पना आम्हाला आवडली, आणि बरीच वर्षं ती चाललीही. २०११मध्ये अण्णा हजारेंच्या लोकपाल आंदोलनासाठी बेंगळुरूकर इथेच जमले. मार्च २०१७मध्ये राज्यभरातून अंगणवाडी सेविका आल्या, मानधनवाढीसाठी. त्या आवारात मावल्या नाहीत, रस्त्यावर आल्या, आणि रात्री तिथेच झोपल्या. शेषाद्री रोड अडला. बातमी झाली ती त्यामुळे.

टाऊन हॉलच्या पायऱ्या, म्हैसूर बँक चौक, मौर्य चौकातला गांधी पुतळा, या बेंगळुरूच्या जुन्या मोर्चाच्या जागा. रहदारीचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, २०२१मध्ये पोलिसांचा आदेश निघाला, आणि आता शहरात निदर्शनं करायची ती फक्त फ्रीडम पार्कमध्ये, तीही परवानगी घेऊन. इतर ठिकाणी जमलेल्यांवर गुन्हे नोंदवले गेले आहेत.