तोनकोरीच्या पोटातला मणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एका वाद्याची ओळख करून देणार आहे. साधारण चार फूट लांब आणि रुंदीला वीतभरही नाही. लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं, आतून पोकळ, वर पातळ फळी बसवलेली. त्यावर पाच तारा, पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या किंवा स्नायूंच्या धाग्यांच्या असत. या वाद्याला डोकं आहे, मान आहे, खांदे आहेत, मधोमध बेंबीसुद्धा आहे. वरची फळी कायमची बसवण्याआधी कारागीर त्याच्या पोटात एक मणी किंवा छोटा खडा ठेवतो. वाद्य हलवलं की तो आत खुळखुळतो. ज्यांचं हे वाद्य आहे त्यांच्या लेखी तो खडा म्हणजे वाद्याचा जीव.

या वाद्याचं नाव तोनकोरी, आणि ते ऐनू लोकांचं आहे. जपानच्या उत्तर टोकाचं होक्काइदो बेट, त्याच्याही वरचं साखालिन आणि कुरील बेटं ही ऐनूंची मूळ भूमी. जपानी राज्य तिथे पोहोचलं त्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक तिथे मासे धरत, शिकार करत आणि गात जगत होते. तोनकोरी मुख्यतः साखालिनच्या ऐनूंची. ती खांद्याला टेकवून उभी धरतात आणि दोन्ही हातांनी छेडतात. तारेवर बोट दाबून स्वर बदलायचा नाही. पाच तारा, पाच स्वर, बस्स. त्यातून आलापी होत नाही, ताना निघत नाहीत. एकच छोटा आकृतिबंध फिरत राहतो, आणि चार-पाच फेऱ्या झाल्या की कान त्यात असा रुळतो की तो थांबू नये असं वाटायला लागतं.

ऐनू भाषेला स्वतःची लिपी नव्हती. जे काही होतं, ते आवाजात होतं. वीरांच्या कथा गाऊन सांगायच्या त्याला युकार म्हणत. चुलीभोवती माणसं बसत आणि गाणारा हातातल्या काठीने चुलीच्या लाकडी कडेवर ठेका धरी. दुसरा प्रकार कामुय युकार. कामुय म्हणजे देव, आणि ऐनूंचे देव कोण, तर घुबड, अस्वल, कोल्हा, आग. यात देवच बोलतो. ‘मी घुबड, मी नदीवरून उडत चाललो होतो’ अशी त्याची सुरुवात. मध्ये मध्ये एक पालुपद येत राहतं.

बायकांची बैठी गाणी म्हणजे उपोपो. मोठ्या लाखकाम केलेल्या भांड्याचं झाकण मध्ये ठेवायचं, त्याच्याभोवती गोल करून बसायचं आणि हाताने त्यावर ताल द्यायचा. एक बाई ओळ उचलते. ती पुरी व्हायच्या आत शेजारची तीच ओळ सुरू करते, मग तिसरी. सगळ्या एकच गाणं म्हणतात, पण कुणीच कुणाबरोबर नसतं. आवाज एकमेकांवर चढत जातात आणि ऐकणाऱ्याला गाण्याचं पहिलं टोक सापडत नाही. मला या संगीतातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं विचाराल, तर हेच.

हे सगळं घरात, चुलीपाशी, आजीकडून नातीकडे जात होतं. ती साखळी तुटली कशी? १८९९ साली जपान सरकारने ऐनूंच्या ‘संरक्षणाचा’ कायदा केला. त्याने त्यांना शेतीला जुंपलं आणि त्यांची मुलं जपानी भाषेच्या शाळेत बसवली. शाळेत आपली भाषा बोलायची सोय नाही, बाहेर ऐनू म्हणून हिणवणं. आईबापांनीच मग ठरवलं की मुलांना हे शिकवायचं नाही. जी भाषा बोलायची लाज वाटायला लावली, तिच्यातली गाणी घरात कोण म्हणणार? तो कायदा रद्द व्हायला १९९७ साल उजाडलं, आणि ऐनू हे मूळनिवासी लोक आहेत असा ठराव जपानच्या संसदेने केला तो २००८ मध्ये.

तरी आवाज उरला. कसा, ते ऐका. ब्रोनिस्वाव पिउसुत्स्की हा पोलिश तरुण. रशियाच्या झारच्या खुनाच्या कटात १८८७ साली पकडला गेला आणि साखालिनला काळ्या पाण्यावर पाठवला गेला. तिथे तो ऐनूंमध्ये मिसळला, त्यांची भाषा शिकला, एका ऐनू बाईशी त्याने संसार केला. १९०२-०३ च्या सुमारास त्याने मेणाच्या नळकांड्यांवर त्यांची गाणी मुद्रित केली. पुढे ती नळकांडी पोलंडमध्ये सापडली, तडकलेली, बुरशी चढलेली. १९८० च्या दशकात ती जपानला नेली. सुई टेकवली असती तर मेणच खरवडून निघालं असतं, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यातली काही लेसरच्या किरणाने वाचली. ऐंशी वर्षांपूर्वी गायलेले आवाज पुन्हा ऐकू आले.

दुसरी गोष्ट एका मुलीची. चिरी युकिए, जन्म १९०३. आजीच्या तोंडून ऐकलेले तेरा कामुय युकार तिने रोमन लिपीत उतरवले आणि शेजारी जपानी अनुवाद लिहिला. पहिलंच गाणं घुबडदेवाचं, त्याच्या पालुपदात चहूकडे रुपेरी थेंब झरत राहतात. सप्टेंबर १९२२ मध्ये पुस्तकाचं काम हातावेगळं केलं आणि ती हृदयविकाराने गेली. वय एकोणीस. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. तिचं नाव घेतल्याशिवाय ऐनू गाण्यांविषयी बोलणं मला जमत नाही.

आता अलीकडचं. ओकी कानो, जन्म १९५७. आपले वडील ऐनू आहेत हे त्याला मोठेपणी कळलं. काही वर्षं न्यूयॉर्कला राहून तो परतला आणि नात्यातल्या एकाकडून त्याच्या हातात तोनकोरी आली. तोनकोरी घरोघरी वाजत असण्याचे दिवस तेव्हा कधीच सरले होते. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकत ऐकत तो ती शिकला. मग त्याने तोनकोरीला विजेची जोड दिली, बरोबर रेगे आणि डब या जमैकाच्या संगीतातला जाड बेस, म्हणजे खर्जाचा ठेका, लावला आणि जगभरच्या मंचांवर ती नेली. परंपरा बाटली असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्या बेसच्या वर तोनकोरीचे पाच स्वर जसेच्या तसे फिरत असतात, त्यांना त्याने धक्का लावलेला नाही.

त्यानेच होक्काइदोच्या तोकाची भागातल्या आंदो उमेको या ज्येष्ठ गायिकेबरोबर २००१ मध्ये एक अल्बम केला. उमेकोबाई २००४ मध्ये गेल्या, पण त्यांचा थकलेला, तरी गोड आवाज राहिला. मारेवरेव हा बायकांचा गट आज ते एकमेकांवर चढणारे उपोपो गातो. मारेवरेव म्हणजे फुलपाखरू. २०२० मध्ये होक्काइदोतल्या शिराओइ इथे राष्ट्रीय ऐनू संग्रहालय उघडलं. त्या साऱ्या परिसराचं नाव उपोपोय, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाणं.

रेडिओवरून बोलतोय, तर हेही सांगायलाच हवं. निबुतानी गावात कायानो शिगेरू नावाचे गृहस्थ होते, जपानच्या संसदेत पोहोचलेले पहिले ऐनू. म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि कथा त्यांनी टेपवर गोळा केल्या, आणि २००१ मध्ये गावातच एक छोटं रेडिओ केंद्र सुरू केलं, एफएम पिपाउशी. ज्या भाषेला शाळेत बंदी होती, ती तिथल्या घरात रेडिओवरून परत आली.

जाता जाता आणखी एक वाद्य. मुक्कुरी. राजस्थानी मोरचंग ऐकलं असेल, त्याचीच ही बांबूची बहीण. बांबूची वीतभर पातळ पट्टी, तिच्यात कोरलेली जीभ, आणि जिभेला बांधलेला दोरा. डाव्या हाताने पट्टी ओठांशी धरायची, उजव्या हाताने दोऱ्याला झटके द्यायचे. थरथर बांबूची, पण स्वर घडतो तोंडाच्या पोकळीत. गाल आवळा, घसा मोकळा करा, श्वास आत ओढा, प्रत्येक वेळी आवाज वेगळा. ऐनू बाया त्यातून वाऱ्याची घोंघाव काढतात, अस्वलाचा हुंकार काढतात, वळचणीवरून टपटपणारं पावसाचं पाणी काढतात.

रेडिओचा आवाज जरा वाढवा, आणि शक्य असेल तर खोलीतला पंखा बंद करा. मुक्कुरीचे थेंब फार हलके असतात.