पोकलेनच्या केबिनमधून जे दिसत नाही

नमस्कार. आजचा व्हिडिओ पोकलेन चालवणाऱ्यांसाठी आहे आणि पोकलेनच्या आसपास राबणाऱ्यांसाठीही. मुंबईत पुनर्विकासाच्या साइट कशा असतात, तुम्हाला ठाऊक आहे. एका अंगाला शेजारच्या सोसायटीची भिंत, दुसऱ्या अंगाला डंपरची रांग, आणि मधल्या खड्ड्यात वीस टनांचं मशीन फिरतंय. बकेटला सगळे घाबरतात. मशीनच्या पाठीला कोणी घाबरत नाही, आणि माणूस सापडतो तो तिथे.

(मशीनच्या उजव्या बाजूला उभं राहून)

मी आत्ता इथे उभा आहे आणि ऑपरेटरला मी दिसत नाहीये. केबिन डावीकडे, तिच्या उजव्या हाताला बूम, म्हणजे बकेट उचलणारा मोठा लोखंडी हात. बूम खाली आला की पलीकडचं बरंचसं झाकलं जातं. आता मागे या. हा लोखंडी ठोकळा म्हणजे काउंटरवेट. मशीन वळलं की तो ट्रॅकच्या, म्हणजे खालच्या लोखंडी चेनच्या, बाहेर येतो. भिंत आणि ठोकळा यांच्यात थोडी फट दिसली की हेल्पर त्यातून जाणारच, कारण पाण्याच्या पंपाकडे जायचा जवळचा रस्ता तोच असतो. त्याला ओरडून उपयोग नाही. मशीन उभं करतानाच पूर्ण गोल फिरवून बघा. भिंतीपासून निदान दोन फूट मोकळे राहत नसतील तर ती फट पक्क्या बॅरिकेडने बंद करा. नुसती रिबन नको, रिबनखालून माणूस वाकून जातो. आणि जागा मोकळी असली तरी काम चालू असताना स्विंगच्या घेऱ्यात कोणीही नको.

सिग्नलमन एकच ठेवा. ब्रेकर, म्हणजे खडक फोडणारा हातोडा, चालू असताना ‘येऊ दे, येऊ दे’ केबिनमध्ये ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा सकाळीच ठरवून घ्या. सिग्नलमन नजरेआड झाला की बकेट थांबलीच पाहिजे. बाकीच्या खुणा फक्त त्याच्याच मानायच्या, पण ‘थांब’ची खूण चहावाल्या पोराने केली तरी थांबायचं. सुपरवायझर घाई करत असेल तरीही.

आता मशीन कशावर उभं आहे ते बघू. आपल्याकडे वडाळा, शिवडी, माहीम अशा भागांत बऱ्याच ठिकाणी वर भराव, त्याखाली खाडीची काळी चिकणमाती, मग मुरूम आणि शेवटी पाषाण लागतो. समुद्राजवळच्या खड्ड्यात भरतीबरोबर पाणीही चढतं. सकाळी घट्ट वाटलेली कड दुपारी तशीच असेल असं धरून चालू नका. पावसाळ्यात तर प्रत्येक मोठ्या सरीनंतर खाली उतरा आणि कडेला भेगा पडल्यात का ते चालत जाऊन बघा.

कडेवर खोदताना ट्रॅक कडेला काटकोनात ठेवा आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, मागच्या बाजूला. हे फार महत्त्वाचं आहे. स्प्रॉकेट पुढे राहिलं तर ट्रॅव्हलचे लिव्हर उलटे चालतात. कड खचायला लागली की तुम्ही घाबरून लिव्हर मागे ओढाल आणि मशीन पुढे, खड्ड्याकडे जाईल. तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

माती कडेला साठवू नका. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा सुरक्षा नियम असा आहे: काढलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतलं जे जास्त असेल तितकी लांब टाका. चर चार मीटर खोल असेल तर माती दोन मीटर लांब. दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्या, नाहीतर आधार. खालून पोखरून वरचा भाग पाडायचा नाही, कितीही काम वाचत असलं तरी.

जमिनीखालच्या केबलचं थोडक्यात सांगतो. शहरात बेस्ट, उपनगरात अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, शिवाय महानगर गॅस आणि पालिकेच्या जलवाहिन्या. नकाशे मागवा, तरी आधी हाताने चाचणी खड्डा घ्या. बकेट चालू केबलला लागली तर केबिनमध्येच बसून राहा आणि लोकांना लांब थांबायला सांगा. आग लागली तरच बाहेर, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारायची. मशीनला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. मग पाय न उचलता, सरकत सरकत लांब जायचं.

उतरताना बकेट जमिनीवर टेकवा, मग सीटच्या डावीकडचा लॉक लिव्हर लावा. तो लावला नाही आणि शर्टाची बाही जॉयस्टिकला अडकली तर बूम हलतो. दोन मिनिटांसाठी उतरलात तरी लॉक हवाच. चावी काढून खिशात ठेवा, पण तेवढ्यावर भागत नाही. एकाच कंपनीच्या बऱ्याच मशीनना एकच चावी चालते. पाळी संपली की बॅटरीचा कट-ऑफ बंद करा आणि केबिनला कुलूप लावा.