क्रियापद शेवटी येतं

(चौकटींची वही, अगदी जवळून. पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज.)

ही माझी वही, एका चौकटीत एक कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ते चिनी लिपीतलं चिन्ह, आणि आत्ता मी जी दोन चिन्हं काढतीये ती मिळून जपानीत शब्द होतो एइगा, म्हणजे सिनेमा. पहिल्या चिन्हात डावीकडे बघा, तो उभा छोटा चौकोन आणि मधे एक आडवी रेघ, तो सूर्य आहे. उजेड पडून काहीतरी उमटणं असा त्या चिन्हाचा अर्थ, आणि दुसरं म्हणजे चित्र. एकाला 9 रेघा, दुसऱ्याला 8. कोरियन शब्दाच्या मुळाशीही हीच चिन्हं आहेत, फक्त उच्चार येओंग्वा असा होतो. चिनीत मात्र वेगळंच, दिएन-यिंग, विजेची सावली. आणि आपण म्हणतो चित्रपट. पडदा तोच पांढरा, कुणाला त्यावर उजेड दिसला, कुणाला सावली, आपल्याला कापड.

मी अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत डबल मेजर करतीये, एक फिल्म स्टडीज आणि दुसरं ईस्ट एशियन लँग्वेजेस अँड कल्चर्स. सकाळी नऊला जपानीचा क्लास, आठवड्याचे पाचही दिवस, दर शुक्रवारी कांजीची टेस्ट, आणि संध्याकाळी स्क्रीनिंग, तेही असं की सिनेमा संपला तरी कुणी उठायचं नाही, लगेच चर्चा. घरी फोन केला की नात्यातलं कुणीतरी विचारतंच की दोन्ही कशाला, सिनेमा शिकायचाय तर सिनेमा शिक, भाषा शिकायचीये तर भाषा शिक, आणि मला दर वेळी वाटतं की याचं उत्तर फोनवर नाही सांगता येत, दाखवावं लागतं, म्हणून हा व्हिडिओ.

(वर्गातला फळा. त्यावर एक जपानी वाक्य.)

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे, त्यांच्या हिशोबाने इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला जपानी, चिनी किंवा कोरियन कामापुरती नीट यायला वर्गातले 2200 तास लागतात, हिंदीला त्याच्या निम्मे. आता कांजी काय कुणालाच सोडत नाहीत, रोजच्या वापरातल्या म्हणून सरकारी यादीत आहेत त्याच 2136 आहेत, पण व्याकरणात मला पहिल्याच आठवड्यात आपल्या घरात आल्यासारखं वाटलं. होन ओ योमु, पुस्तक वाचतो. क्रियापद शेवटी. प्रत्यय शब्दाच्या मागे. आणि बोलता बोलता शेवटी ते जे 'ने' लावतात ना, ते हुबेहूब आपलं 'ना'. अत्सुइ ने. गरम होतंय ना.

आणि नकारसुद्धा शेवटीच. इकानाइ, जाणार नाही. आपल्यासारखंच, की 'नाही' ऐकू येईपर्यंत माणूस जाणारे की राहणारे काही कळत नाही.

याचा सिनेमाशी काय संबंध ते मला दुसऱ्या वर्षाला एका सेमिनारमध्ये कळलं. एका जुन्या जपानी सिनेमातला सीन लावला होता, मुलगी घरच्यांना उत्तर देतीये, वाक्य सावकाश चाललंय, ती मधे थांबते, खाली बघते, आणि मग शेवटचे दोन अक्षरं, 'नाइ'. पण खाली इंग्रजी सबटायटल आधीच येऊन बसलेलं, आणि त्यात 'नॉट' दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच. वर्गातल्या सगळ्यांचा सुस्कारा तिच्या उत्तराच्या आधी निघाला. मी अजून थांबलेले होते. तिच्यासोबत थांबलेले होते! तो जो एक क्षण डायरेक्टरने आणि त्या नटीने मिळून धरून ठेवला होता तो बाकीच्यांपर्यंत पोचलाच नाही, आणि माझ्यापर्यंत पोचला तो जपानी फार छान येत होती म्हणून नाही, कानाला मराठी वाक्याची सवय होती म्हणून. मी त्यावर नंतर पेपर लिहिला, आणि तेव्हापासून कुठलाही सिनेमा बघताना मी आधी हे बघते की वाक्य कुठे संपतंय आणि कट कुठे मारलाय.

सबटायटल वाईट असतात असं मी म्हणत नाहीये, त्यांच्याशिवाय आपण निम्मं जग बघितलंच नसतं. पण त्यात काय हरवतं हे माहीत असायला हवं. तैवानच्या होउ श्याओ-श्येन या दिग्दर्शकाचा अ सिटी ऑफ सॅडनेस घ्या, 1989 मध्ये व्हेनिसला गोल्डन लायन मिळालेला पहिला चिनी भाषिक सिनेमा. तैवानमध्ये जपानची 50 वर्षांची राजवट 1945 ला संपली, मग मुख्य चीनमधून आलेलं सरकार, आणि 28 फेब्रुवारी 1947 ला लोकांचा उद्रेक आणि त्यानंतरचं हत्याकांड, त्या काळातल्या एका कुटुंबाची गोष्ट. त्यात लोक तैवानी बोलतात, मँडरिन, जपानी, कँटोनीज, शांघायची बोली, आणि खाली सगळ्याला एकच इंग्रजी, एकाच फॉन्टमध्ये. त्यातला नट टोनी लिअंग हाँगकाँगचा, त्याला तैवानी येत नव्हती म्हणून त्याचं पात्र मुकं-बहिरं केलं. आणि त्यात ट्रेनचा सीन आहे, हातात हत्यारं घेतलेली माणसं त्याला विचारतात तू कुठला, आधी तैवानीत, मग जपानीत, कारण मुख्य चीनमधून आलेल्याला जपानी येणार नाही. म्हणजे कुठल्या भाषेत उत्तर देतो यावर माणूस जगणार की मरणार ते ठरतंय, आणि याला तर ऐकूच येत नाही. मी हा सीन पहिल्यांदा फक्त वाचला होता. दोन वर्षांनी ऐकला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोरियाचं तर अजून वेगळं उदाहरण. किम की-यंगचा द हाउसमेड, 1960 चा. त्याची काही रिळं हरवलेली होती, नंतर जी प्रिंट सापडली तिच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी सबटायटल्स होती, फ्रेमचा मोठा भाग झाकणारी, आणि 2008 च्या रिस्टोरेशनमध्ये ती अक्षरं एकेका फ्रेमवरून पुसत चेहरे मोकळे करावे लागले.

(अंधार. फक्त प्रोजेक्टरचा उजेड.)

जपानमध्ये मूकपट कधी मुका नव्हता. पडद्याच्या शेजारी बेन्शी उभा असायचा, तो सगळ्या पात्रांचे आवाज काढणार, परदेशी सिनेमातल्या पाट्या वाचून दाखवणार, मधेच स्वतःचं काही घालणार, आणि लोक सिनेमापेक्षा अमुक बेन्शी आहे म्हणून तिकीट काढायचे. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीला चित्रकथी आहेत, एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगणारे, त्यामुळे मला हे वाचताना परकं असं काही वाटलंच नाही. 1931 ला जपानचा पहिला पूर्ण बोलपट आला आणि बेन्शींची कामं जायला लागली. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा मोठा भाऊ हेइगो बेन्शी होता, धाकट्याला सिनेमाची गोडी त्यानेच लावली, बेन्शींच्या संपात तो पुढे होता, आणि 1933 मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. कुरोसावाचे सिनेमे बघताना हा भाऊ माझ्या मनातून जात नाही.

(घर. सोफा. टीव्हीचा निळसर उजेड.)

मागच्या सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा आईसोबत जपानी दिग्दर्शक ओझूचा टोकियो स्टोरी बघितला, 1953 चा. मराठी सबटायटल कुठून आणणार, आणि इंग्रजी वाचत बसायला आईला आवडत नाही, मग मीच बोलत गेले, शेजारी बसून, आजोबांचं, आजींचं, सुनेचं, सगळ्यांचं. शेवटाकडे एक सीन आहे, पहाटे म्हातारी गेलीये आणि म्हातारा बाहेर देवळाच्या आवारात उभा राहून समुद्राकडे बघतोय, सून शोधत येते, आणि तो म्हणतो, आजही गरम होणार. बस एवढंच. पण तो टोकियोचं 'अत्सुकु नारु' म्हणत नाही, 'अत्सू नारु' म्हणतो, त्याच्या गावाकडचं. मुलं शहरात जाऊन शहराचं बोलायला लागली, हा नाही लागला. इंग्रजीत ते कुठेच येत नाही. माझ्या तोंडून आपोआप आमच्या आजोबांचं निघालं, "आज बी लई तापनार बघ."

आई काही बोलली नाही. पदर डोळ्याला लावला, आणि मग टीव्हीकडेच बघत विचारलं, "गाव कुठलं गं यांचं?"

ओनोमिची, मी म्हटलं. समुद्राकाठी आहे.