लिज्जतचा पापड अजून तसाच का लागतो

नमस्कार मंडळी. वर्षानुवर्षं क्वालिटी टिकवलेल्या वस्तू असा विषय आहे, पण यादी मी देणार नाही, मी एकाच वस्तूवर बोलणार आहे, उडदाचा पापड, तो पण लिज्जतचा. कारण बघा, एका कारखान्यात एका मशीनवर माल सारखा येणं समजू शकतं, पण हा पापड हजारो वेगवेगळ्या घरांत हजारो हातांनी लाटला जातो आणि तरी कुठल्याही गावात पाकीट फोडा, चव तीच. मला हे खरंच फार मोठं काम वाटतं.

सुरुवात १५ मार्च १९५९, गिरगाव. सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पैसे देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा. या बायका आधी दोन प्रकारचे पापड करायच्या, त्यातला एक जरा हलका, स्वस्तात विकायला. बाप्पांनी सांगितलं एकच करा, चांगलाच करा आणि दर्जात तडजोड नको. पहिल्या पावसाळ्यात तर चार महिने काम बंदच ठेवलं, कारण ऊन नाही तर पापड वाळणार कुठे, मग पुढच्या वर्षी एक खाट आणि स्टोव्ह घेतला, पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाली. हाताशी पैसा नसताना चार महिने बंद ठेवणं, हे मला ८० रुपयांच्या गोष्टीपेक्षा मोठं वाटतं, ८० रुपये मात्र सगळ्यांना पाठ असतात.

आता चव टिकते कशी. उडीद, हिंग, मिरी हे सगळं मध्यवर्ती खरेदी होऊन शाखांना जातं, पीठ शाखेतच मळलं जातं, म्हणजे चवीचा भाग कुणाच्या घरावर सोडलेलाच नाही. घरी जातं ते फक्त लाटणं आणि वाळवणं, आणि त्यासाठी घरात स्वच्छ जागा आहे का हे बघितलं जातं, ज्यांच्याकडे जागा नाही त्या पीठ मळतात, पॅकिंग करतात. बहिणी, म्हणजे लिज्जतच्या सभासद बायका, सकाळी आदल्या दिवशीचे पापड शाखेत घेऊन येतात, तिथेच वजन, तिथेच तपासणी, लाटायची मजुरी, तिला तिकडे वणाई म्हणतात, ती घेतात आणि नवीन पीठ घेऊन घरी. म्हणजे चूक झाली तर सकाळीच आणि जिने लाटलं तिच्यासमोरच कळते, माल गोडाऊनमध्ये मिसळल्यावर नाही. शिवाय लाटणारी नोकर नाही, मालकीण आहे, नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे. आज अशा ४५ हजारांच्या आसपास बहिणी आहेत. वाढही सावकाशच झाली, १९६१ ला मालाडला शाखा काढली ती चालली नाही, महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातमध्ये वालोडला, ती १९६८ ला.

पण अजून एक कारण आहे आणि ते कुणी बोलत नाही. हा पापड विकत घेणारी बाई स्वतः पापड लाटणारी होती! एप्रिल-मेमध्ये घरोघरी वाळवणं चालायची, पीठ तेल लावून कुटायचं, पोरं तेलात बुडवून लाट्या खायची, पापडखार जरा जास्त झाला तर जिभेला लगेच कळायचं. अशा गिऱ्हाइकाला खराब माल चालला नसता. आता बाकी कितीतरी वस्तूंचं पाकीट तेच, किंमत तीच आणि आतले ग्रॅम कमी झालेत, आपण बघतही नाही, कारण ती वस्तू मुळात कशी होते हेच आपल्याला माहीत नाही. मला याची काळजी वाटते, मनापासून वाटते. म्हणून सांगतो, या उन्हाळ्यात अर्धा किलो का होईना पापड घरी करा, पोरांना सोबत बसवा, पीठ नीट कुटलंय की नाही ते पहिला पापड लाटतानाच त्यांना समजेल.